आधी चांगला पाय

या, थोडं जवळ सरकून बसा. एका पायाची गोष्ट सांगायची आहे. ऐकून झाली की उठताना आपापले पाय एकदा चाचपून बघाल.

तपासणीच्या खोलीबाहेर मोठी बसली होती. बसली होती म्हणजे काय, दर दोन मिनिटांनी उठत होती, नळापर्यंत जात होती आणि पाणी न पिताच परत येत होती. उजवा गुडघा चोळत देवाचं नाव घेत होती. खोटं बोलायला आलेल्या माणसाने ते घ्यावं की नाही, हे काही तिला ठरवता येत नव्हतं.

खोटं एवढंच, की तपासणी तिची नव्हतीच. धाकटीची होती.

दोघी जुळ्या. ही दहा मिनिटांनी मोठी; पण आई गेल्यापासून दहा वर्षांनी मोठी असल्यासारखी वागायची. धाकटी बस चालवायची. सात महिन्यांपूर्वी डेपोच्या पायऱ्यांवरून पडली आणि डावा खुबा मोडला. सळी घातली, हाड जुळलं. आता फिजिओबाईंनी पाय पास केला तर पुन्हा बस मिळणार, नाहीतर जन्मभर खिडकीमागे बसून तिकिटं फाडायची.

"ताई, मी नापास होणार गं," काल धाकटीने रडवेल्या तोंडाने सांगितलं होतं. "क्लच दाबायचं नुसतं मनात आलं तरी पाय लटपटतो. चेहरा तर एकच आहे आपला. तू जा ना माझ्याऐवजी."

"मी? दवाखान्यात? अगं, ते लोक धडधाकट माणसालाही आजार शोधून देतात!"

"दहा मिनिटांची का होईना, ताई आहेस ना माझी?"

इथे मोठी विरघळली. सात महिने ती हॉटेलच्या धुलाईखोलीत ओल्या चादरी उपसत होती आणि घरी येऊन धाकटीला उचलत, बसवत, न्हाऊ घालत होती. स्वतःसाठी तिच्याकडे काय होतं? गुडघ्याला चोळायचं एक मलम, आणि मोजे घालताना पाठ फिरवून बसायची सवय.

"या आत," फिजिओबाईंनी हाक मारली. "कोणता पाय?"

"डावा," मोठीने घोकलेलं उत्तर दिलं.

डाव्या पायाचं नाटक तिने छान बसवलं होतं. फार सहज उचलायचा नाही, फार अडखळायचंही नाही. धास्ती एकाच गोष्टीची होती. बाई म्हणतील, शस्त्रक्रियेचा व्रण दाखवा.

बाईंनी व्रणाचं नावही काढलं नाही.

"आम्ही आधी चांगला पाय बघतो," त्या म्हणाल्या. "चांगला किती चांगला ते कळल्याशिवाय वाईट मोजणार कसा? द्या उजवा."

मोठीचा जीव भांड्यात पडला. उजव्याला कसली भीती!

बाईंनी गुडघा छातीकडे नेला. काटकोनाच्या जरासा पुढे जाऊन तो अडला. कोन मोजायची पट्टी मांडीलगत धरून त्यांनी आकडा लिहिला. मग गुडघा दुमडलेलाच ठेवून पाऊल हळूहळू बाहेर नेलं, म्हणजे मांडी आत वळावी. मांडी वळेना. जांघेतून कळ निघाली ती थेट गुडघ्यापर्यंत.

"दुखलं?"

"छे! गुदगुल्या झाल्या."

"गुदगुल्यांनी डोळ्यांत पाणी येतं?"

"मला येतं."

बाई हसल्या नाहीत. "पाच अंश," त्या पुटपुटल्या. "तीसच्या वर हवेत."

त्यांनी तिला डाव्या कुशीवर वळवलं, उजवा पाय वर उचलायला लावला आणि तळहाताने वरून दाबलं. "तसाच टिकवून धरा." दाब कसला, नुसता हात ठेवल्यासारखा. पाय ओल्या चादरीसारखा खाली आला.

"पाचपैकी तीन."

"बाई, तो चांगला पाय आहे! डावा बघा ना, डावा!"

डावा बघितला. घाबरलेल्या मोठीला नाटक आठवलंच नाही. पाय छातीपर्यंत आला, आत वळला, दाबाला पुरून उरला. पाचपैकी पाच.

"मग पास?" तिने घाईने विचारलं.

"उजवा खुबा झिजलेला दिसतोय," बाई शांतपणे म्हणाल्या. "आजच एक्स-रे काढू. दुखणं खुब्याचं आणि मलम गुडघ्याला, असं किती दिवस चाललंय? अजून वर्षभर अशीच ओझी उचललीत तर काठीशिवाय चालता येणार नाही."

मोठी ताडकन उठून बसली. धाकटीची बस गेली, आणि तीही हिच्या पायापायी!

"बाई, चूक माझी आहे," ती हात जोडून म्हणाली. "मी ती नाही. मी तिची बहीण. तिचा पाय या पायाहून लाखपट चांगला आहे हो. तिला एकदा बोलवा, स्वतः तपासा. पाया पडते."

"तिला कशाला बोलवू?" बाईंनी फाईल तिच्याकडे फिरवली. "ती मागच्या आठवड्यातच पास होऊन गेली."

फाईलवर नाव धाकटीचं नव्हतं. मोठीचं स्वतःचं होतं. आणि त्याखाली, धाकटीच्या तिरप्या अक्षरात: 'उजवा गुडघा सारखा चोळते. मोजे घालताना पाठ फिरवते, कळ दिसू नये म्हणून. स्वतःसाठी कधीच येणार नाही, माझ्यासाठी येईल.'

मंडळी, तुमच्या घरात कुणी पाठ फिरवून मोजे घालत असेल, तर या धाकटीची आठवण ठेवा.