तिसऱ्या मजल्याची हरकत

१९८१ साली नदीकाठच्या पटांगणाचं मोकळ्या जागेचं आरक्षण उठवून तिथे चार मजली बाजार बांधायचं नगरपालिकेने मनावर घेतलं, तेव्हा साऱ्या शहरातून हरकत एकच आली. टेलरबाईची.

"काय हरकत आहे?" सुनावणीत इंजिनिअरने विचारलं.

"माझी खिडकी बुजेल."

सभागृहात हशा पिकला.

"अहो, मग बाजारातच दुकान थाटा. तिसऱ्या मजल्यावर टेलर! गिऱ्हाईक काय विमानातून उतरतं?"

"काजं करायला उजेड लागतो, साहेब."

अध्यक्षस्थानी ताई होत्या. लहानथोर सगळे त्यांना ताईच म्हणत. ठराव त्यांचाच होता. भाजीवाल्या वर्षानुवर्षं चिखलात बसत होत्या आणि त्यांना पक्कं छप्पर देईन, असा ताईंनी निवडणुकीत शब्द दिला होता. पण हरकत आली की जागा बघून यायची, असा नियम होता. बाकीचे सभासद पटांगणाच्या फाटकातूनच बघून परतले. ताई एकट्या तिन्ही जिने चढल्या.

खोलीत एक खाट, स्टोव्ह आणि खिडकीला लावलेलं मशीन. मालकाने त्याच भाड्यात तळमजला देऊ केला होता, पण टेलरबाईने घेतला नव्हता. बाई एकटी. कुठली, लग्न का केलं नाही, असं कुणी विचारलं की ती मान खाली घालून शिवत राही. शेवटी गल्लीने विचारणं सोडलं. नदीपलीकडच्या कुणाचं शिवण मात्र ती घेत नसे. तेवढा एक विक्षिप्तपणा.

"बसू का?" म्हणत ताई मशीनच्या स्टुलावर टेकल्या.

समोर पटांगण, त्यावर वाळत घातलेल्या चादरी. मग नदी आणि पलीकडचा काठ.

"अगं बाई! आमचं घर दिसतंय की इथून."

"हो का? माझं कुठलं लक्ष असायला."

"ती बघा आमची लेक, गॅलरीत. परीक्षा आलीये, आणि बाईसाहेब पाय हलवत बसल्यात." उशिरा लाभलेली ही एकुलती एक मुलगी ताईंचा जीव की प्राण होती.

टेलरबाई सुईत दोरा ओवत होती. "वाऱ्यात नका बसवू तिला," ती म्हणाली. "खोकला अजून गेला नाही."

ताईंनी वळून तिच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. दोरा काही सुईत जाईना.

"पाणी देता थोडं?" ताई म्हणाल्या. पाणी पिऊन त्या उठल्या.

दाराशी टेलरबाईने विचारलं, "राहील ना हो खिडकी माझी?"

ताई कठडा धरून जिना उतरू लागल्या.

सभेत मतं समसमान पडली. अध्यक्षांचं मत निर्णायक होतं, आणि ताईंनी ते स्वतःच्याच ठरावाविरुद्ध टाकलं. पटांगण मोकळं राहिलं. एकच गिल्ला झाला. "कुणाचं मीठ खाल्लंत, ताई?" इंजिनिअर तोंडावर म्हणाला. भाजीवाल्या दारात येऊन नाही नाही ते बोलून गेल्या. ताईंनी ते सगळं ऐकून घेतलं. त्याच हिवाळ्यात त्यांनी लेकीचं अभ्यासाचं टेबल गॅलरीत आणलं, वाऱ्याच्या बाजूने काचा बसवल्या आणि वर भला मोठा दिवा लावला. संध्याकाळी तो पटांगणाच्या टोकापासून दिसे.

"पत गेली, पण मिरवायची हौस जात नाही," लोक म्हणाले.

पुढच्या निवडणुकीत ताई पडल्या. पुन्हा त्या कधी उभ्या राहिल्या नाहीत. बाजार वरच्या पेठेत झाला. तो भाजीवाल्यांना लांब पडला, त्यातल्या बऱ्याच जणी धंदा सोडून घरी बसल्या. इंजिनिअर बढती घेऊन दुसरीकडे गेला. ताईंची मुलगी शिकली, नोकरीला लागली. आईला सोडून जायचं नाही म्हणून तिने लांबची दोन स्थळं नाकारली, आणि शेवटी गावातल्याच मुलाशी लग्न केलं. टेलरबाईचे डोळे हळूहळू गेले. शिवण बंद झालं, तरी ती त्या स्टुलावर बसून असे. अधूनमधून गल्लीतल्या कुणाला तरी विचारी, "पलीकडे दिवा लागला का गं?"

एके दिवशी शेजाऱ्यांनी तिला सरकारी दवाखान्यात नेलं. निरोप कुणी दिला कोण जाणे, पण दुपारी ताई आल्या. केस पांढरेशुभ्र झालेले, लेकीच्या हाताचा आधार घेतलेला.

"आई, या आपल्या कोण?" मुलीने रिक्षात दोनदा विचारलं होतं.

"फार वेळ नाही त्यांच्याकडे," नर्स म्हणाली. "एकीलाच आत सोडते. घरचं कोण आहे?"

ताईंनी लेकीच्या हातातून आपला हात सोडवून घेतला.

"जा, बाळ," त्या म्हणाल्या. "तुझी आई वाट बघतेय."