लाल चिंधी

साठी उलटल्यावर अक्षरं गिरवायला बसलो. नातीने शिकवलेला पहिला मोठा इंग्रजी शब्द म्हणजे डब्यावरचा 'हर्बिसाइड'. "आजोबा, म्हणजे तणनाशक. तणावर मारायचं, पिकावर चुकूनसुद्धा नाही," हे तिने माझ्याकडून दहादा घोकून घेतलं.

शेडमधले किडीच्या औषधाचे आणि तणनाशकाचे डबे दिसायला अगदी जुळे भाऊ. म्हणून वर्षानुवर्षं तणनाशकाच्या कडीला मी लाल चिंधी बांधत आलो होतो. त्या सकाळी डब्यावरचा शब्द अडखळत का होईना, स्वतः वाचला. छाती फुगली. आता खुणेची गरज काय, म्हणत चिंधी सोडून फेकून दिली.

दुपारी शेडमध्ये आलो, तर तणनाशकाचं झाकण उघडं आणि फवारणीचा पंप जागेवर नाही. फुलावर आलेल्या टोमॅटोकडे धापा टाकत पळालो. पाठीवर पंप घेतलेली बायको शेवटच्या ओळीत पोचली होती.

"अगं थांब! कुठला डबा घेतलास?"

"ओरडताय काय? मला कुठं वाचता येतं? चिंधी नाही ना, हे दोनदा बघूनच घेतला!"