तिच्या बाजूचा आकडा

टेबल टेनिससाठी नवऱ्याने हौसेने दिव्यांचा गुणफलक बनवला. स्वतःच्या बाजूला दोन आकड्यांची जागा, बायकोच्या बाजूला एकाचीच.

"डाव अकराचा असला तरी तुझी गाडी नऊच्या पुढे कधी गेलीये? उगाच सर्किट कशाला वाढवू?"

त्यामुळे नऊनंतर आकडा बनवणाऱ्या सात दिव्यांच्या काड्यांपैकी कुठल्या पेटवायच्या, हे त्याने सर्किटला सांगितलंच नव्हतं.

रविवारी तो आठावर अडकला आणि तिच्या बाजूला दहाव्या गुणाला धड आकडा नाही, धड अक्षर नाही, असं काहीतरी वेडंवाकडं पेटलं. पुढच्या गुणाला त्याहून वेडंवाकडं. तिने बॅट खाली ठेवली. डाव संपला होता.

नवरा ओशाळून हसला आणि हत्यारांची पेटी काढायला उठला. "थांब, दुसरा आकडा जोडून देतो."

"राहू द्या हो," घाम पुसत ती म्हणाली, "माझे अकरा असेच दिसतात."