धरतीमायेचा वाटा

कोचाबांबा शहरातल्या उन्हाळी इंजिनिअरिंग शिबिरात पहिल्याच दिवशी बेनितानं खोलीच्या उंबऱ्यावर मक्याच्या दारूचे थेंब शिंपडले. नव्या जागेत आधी धरतीमायेला वाटा द्यायचा. खोलीतली सोबतीण दानित्सा सगळ्यांदेखत हसली. "इंजिनिअर व्हायला आलीस की देवऋषीण?" बेनितानं मुकाट्यानं बाटली खिडकीत ठेवली. पुलांच्या स्पर्धेआधी मात्र दानित्साचाच धीर सुटला. आपली आईसुद्धा नव्या चुलीला थेंब द्यायचीच की! कुणी नसताना तिनं बाटलीतली दारू दोघींच्या कागदी पुलावर सढळ हातानं शिंपडली. स्पर्धेत वजन म्हणून साखरेची दुसरी पिशवी ठेवताच पूल मधोमध खचला. सरांनी ओला सांधा चाचपला. "डिंक कुणी लावला? धड सुकूही दिला नाही!" "मी, सर," बेनिता म्हणाली. जिन्यात बेनितानं दानित्साचा हात धरला. "माझंच चुकलं गं. पुलाला थेंब द्यायला हवे होते. तू हसशील म्हणून दिले नाहीत."