नवव्या मिनिटाची जागा

"कव्हरवर माझं नाव हवं," थोरला म्हणाला. "नाहीतर हा अल्बम बाहेर पडू देणार नाही."

मिक्सिंगच्या खोलीत तिघंच होते. थोरला, त्याचा धाकटा भाऊ आणि या कामापुरता बाहेरून आणलेला साउंडवाला. धाकटा बँडचा गायक, आणि बँडही त्याच्याच शब्दावर चालायचा. चाळीस वर्षं प्रोग्रेसिव्ह रॉक, तेवीस-तेवीस मिनिटांची गाणी, आणि आता हा लाइव्ह अल्बम. टेबलावर कव्हरचा नमुना होता. ड्रम्ससमोर नाव त्या तरुण पोराचं, ज्याला थोरला 'देखणा' म्हणायचा.

देखणा स्टेजवर ड्रमपाशी बसायचा. थोरला स्टेजखाली.

आधी स्टेजवर ड्रम थोरलाच वाजवायचा; अकरा वर्षांपूर्वी त्याला अर्धांगाचा झटका आला. हात सावरला, तोंड वाकडंच राहिलं. "दादा, लोकांना वर चेहरा लागतो," धाकटा तेव्हा म्हणाला होता. तेव्हापासून प्रत्येक कार्यक्रमाला स्टेजखाली बिनखिडकीची खोली. आत ड्रम, माइक, कानावर हेडफोन, समोर स्टेज दाखवणारा वीतभर पडदा. बाहेरचा गोंगाट नको म्हणून दार बाहेरून बंद. राबायचं याने, मिरवायचं देखण्याने.

"अकरा वर्षं उंदरासारखा बिळात बसलोय," थोरला म्हणाला. "एक तरी चूक काढलीस? पूर्वी एक ठोका हुकला तर चारचौघांत सालटी काढायचास माझी."

"नाही काढली, दादा." धाकटा कव्हरकडेच बघत होता. "सोड ना हे. घरी चल, वहिनी वाट बघतेय."

"तिला मध्ये आणू नकोस. मी पेपरवाल्यांकडे जाणार."

"कोण विश्वास ठेवेल?"

"पुरावा आहे." थोरला हसला. अर्धंच तोंड हसलं. "शेवटच्या गाण्यात, नवव्या मिनिटाला, सात मात्रांवरून अकरावर उडी आहे ना? रेकॉर्डिंगच्या दिवशी तिथे माझ्या डाव्या हातातून काठी निसटली. गुडघ्यावर बसून अंधारात चाचपडत होतो. दोन आवर्तनं एक ठोका नाही. आणि पडद्यावर तुझा देखणा खुशाल हात हलवतोय! ऐकव लोकांना. ड्रम कोण वाजवतं ते शेंबडं पोरही सांगेल."



थोरला साउंडवाल्याकडे वळला. "खरं सांग. ती जागा नंतर भरलीस?"

"नाही काका. अजून हातच लावला नाही. त्या दिवशी वाजलं तसंच आहे सगळं."

"बास. फक्त ड्रम लाव. नववं मिनिट."

धाकट्याने साउंडवाल्याचं मनगट धरलं. "नको लावू."

"का? फाटली?" थोरल्याने मध्ये हात घालून स्वतःच बटण दाबलं.

ड्रम खणखणीत वाजू लागले. थोरल्याची बोटं मांडीवर ताल धरत होती. डावी जरा मागे पडत होती. धाकट्याने तोंड भिंतीकडे केलं.

सात मात्रा संपत आल्या. थोरल्याने बोट वर केलं. "आता ऐका."

उडी आली.

एक आवर्तन गेलं. दुसरं गेलं. थोरल्याचं बोट वरच होतं, आणि ड्रमचा एकही ठोका सुटला नव्हता.