सातवा मजला

पोस्ट टाकल्यावर चौथ्या मिनिटाला पहिलं अभिनंदन आलं. अर्ध्या तासात चाळीस झाली. 'सातवा मजला कम्युनिकेशन्स' ही कंपनी नेमकी आहे कुठे, असं त्यातल्या एकानेही विचारलं नाही. बरंच झालं. कारण ती कुठेच नव्हती.

तो जनसंपर्क अधिकारी होता. म्हणजे आठ महिन्यांपूर्वीपर्यंत होता. जुन्या कंपनीने एका सोमवारी त्याच्याकडून 'आमची भरती सुरू आहे' अशी झकास पोस्ट लिहून घेतली आणि त्याच शुक्रवारी तीस जणांना काढल्याचं निवेदन. 'नव्या क्षितिजांच्या शोधात हे सहकारी आमचा निरोप घेत आहेत. पुढील वाटचालीस मनःपूर्वक शुभेच्छा.' निवेदन साहेबांना आवडलं. मग त्याने सोबतची यादी वाचली. तिसावं नाव त्याचं होतं.

या धंद्यात ज्याच्याकडे नोकरी असते त्यालाच नोकरी मिळते, हे एव्हाना त्याला पुरतं कळलं होतं. म्हणून त्याने स्वतःच एक कंपनी काढून स्वतःला तिथे माध्यम प्रमुख म्हणून नोकरीला लावलं. कपाच्या बुडाभोवती पेन फिरवून लोगो काढला. पत्ता दिला खिडकीतून दिसणाऱ्या समोरच्या इमारतीचा. तिचं बांधकाम सहा वर्षांपूर्वी चौथ्या मजल्यावर अडलं ते अडलंच. म्हणून कंपनी सातव्या मजल्यावर. तिथे चौकशीला कोण तडमडणार?

बायकोने त्याच्या फोनमध्ये डोकावून पाहिलं. "सोमवारपर्यंत खरी नोकरी दाखव. नाहीतर दादाच्या दुकानात टायर मोजायला बस. मी त्याला शब्द दिलाय."

"नुसते मोजायला?"

"उचलायला पाठीत दम लागतो."

दुसऱ्या दिवशी 'हात द्या' ग्रुपवर एका बाईंची पोस्ट आली. जनसंपर्कातली बेकार मंडळी या ग्रुपवर एकमेकांची नावं पुढे करायची. बाई दीड वर्ष घरी होत्या. त्यांनी कळवलं होतं, की त्या 'सातवा मजला'मध्ये उपाध्यक्ष म्हणून रुजू झाल्या आहेत. तो फोनकडे बघतच राहिला. बाईंना खोटं पाडायचं तर आधी स्वतः खोटं पडायला हवं होतं. त्याने लिहिलं, 'अभिनंदन मॅडम, टीममध्ये स्वागत!'

गुरुवारपर्यंत सतरा जण झाले. सगळे ग्रुपमधलेच आणि सगळे त्याच्या वरच्या हुद्द्यावर. त्यातला एक एचआर प्रमुख झाला आणि त्याने मेसेज पाठवला: 'तुमचा साप्ताहिक अहवाल आलेला नाही.' तो हसला. तासाभराने स्मरणपत्र आलं. दुपारी 'अंतिम सूचना' आली. तेव्हा तो मुकाट्याने बसला आणि अहवाल लिहून पाठवला. उशिराबद्दल दिलगिरीही व्यक्त केली. संध्याकाळपर्यंत समोरच्या इमारतीतून वीट विटेवर ठेवल्यासारखा आवाज येत राहिला. तो खिडकीपाशी गेला नाही.

शुक्रवारी सकाळी फोन आला. कंपनी दुसरीच, नावाजलेली. तिची 'भरती सुरू आहे' ही पोस्ट त्याने परवाच लाइक केली होती. "आम्ही नोकरीत असलेलीच माणसं बघतो," पलीकडचा गृहस्थ म्हणाला. "सातवा मजला ना? अकराला या."

रजेचा अर्ज न टाकता तो निघाला. रस्त्यात ते आठवून तो फोनवर अर्ज लिहायला लागला आणि मग त्याला स्वतःचीच लाज वाटली.

रिसेप्शनवर कुणी नव्हतं. कुंड्यांमधली झाडं वाळली होती. भिंतीकडेला दोरीने बांधलेले खोके ओळीने मांडले होते. रंगकाम काढलं असेल, असं त्याने स्वतःला समजावलं. आठ महिन्यांनी आलेली मुलाखत, तिच्यात खोट कशाला काढायची? पाण्याचा ग्लास मॅनेजर स्वतःच घेऊन आला. पन्नाशीचा, हसतमुख. फाइल त्याने उघडलीसुद्धा नाही.

"तिथली माणसं कशी आहेत हो?"

"घरच्यासारखी, सर."

"आणि टिकेल ना ती कंपनी?"

"पाया मीच घातलाय. म्हणजे, पाया भक्कम आहे."

मॅनेजरचा फोन वाजला. त्याने चष्मा लावला आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. "सातवा मजला कम्युनिकेशन्स कळवू इच्छिते, की आमचे माध्यम प्रमुख नव्या क्षितिजांच्या शोधात आमचा निरोप घेत आहेत. पुढील वाटचालीस मनःपूर्वक शुभेच्छा." मग त्याने फोन पुढे धरला. "हे तुम्हीच ना?"

शब्द तर त्याचेच होते. निवेदनाखाली उपाध्यक्ष बाईंनी जोडलेल्या हातांचा इमोजी टाकला होता. त्याचे कान तापले. डोळ्यांपुढे एकावर एक रचलेले टायर आले. "सर, येतो मी," म्हणत तो उठला.

"बसा हो." मॅनेजरने जाऊन दार लावून घेतलं. बाहेर कुणी नसताना. मग खुर्ची त्याच्याजवळ ओढली. "खरं सांगू? आज इथे सगळ्यांचा शेवटचा दिवस. माझाही. भरतीची पोस्ट आपली दिखाव्यापुरती. तुम्हाला बोलावलं ते तिथली माहिती काढायला." त्याने आवाज आणखी खाली आणला. "आता तुमची जागा रिकामी झालीच आहे, तर माझं नाव सुचवाल? घरी अजून काही बोललेलो नाही मी."

तो त्या माणसाकडे बघत राहिला. शर्ट नवा कोरा होता. कॉलरला किमतीच्या चिठ्ठीचा दोरा तसाच लोंबत होता. सांगून टाकावं, असं त्याच्या मनात आलं. पण वीस वर्षं त्याने लोकांना धीर देण्याचंच काम केलं होतं.

"फक्त एक विचारतो," मॅनेजर म्हणाला. "माझे गुडघे गेलेत. सातव्या मजल्यापर्यंत लिफ्ट जाते ना?"

"जाते," तो म्हणाला. "सोमवारी रुजू व्हा."