बुडबुडा दिसला की हात वर

माणसाच्या आयुष्यात एक दिवस असा उगवतो, की समोरचा समुद्र ओलांडण्यावाचून त्याला गत्यंतर उरत नाही. चेकरचा समुद्र पंचवीस मीटर लांब होता. त्याला तळाशी निळ्या फरशा होत्या, मध्यावर एक लाल रेघ होती, आणि रेघेच्या अलीकडे पाणी कमरेइतकंच होतं.

या कमरेइतक्या समुद्रात चेकर सहा आठवडे नियमितपणे उभा राहत आला होता.

"आज शेवटचा दिवस, काका," शिकवणारी म्हणाली. ती त्याच्या मुलीच्या वयाची होती, पण गळ्यात शिट्टी असल्यामुळे तो तिला मॅडम म्हणे. "उद्यापासून तलाव दुरुस्तीला बंद. बॅचमधले बाकी सगळे पार झाले."

"आजीसुद्धा?"

"आजी दोनदा. येताना पाठीवर पोहत आल्या."

चेकरने चपला काढून काठावर शेजारी शेजारी जुळवून ठेवल्या आणि तो पाण्यात उतरला.

पाण्याला तो भीत नव्हता. दमही चांगला होता. घोळ घातला होता एकतीस वर्षांच्या नोकरीने. पोहायला शिकणाऱ्या पोरांच्या रबरी रिंगा बनवणाऱ्या कारखान्यात तो चेकर होता; फुगवलेली रिंग डाव्या हाताने पाण्याच्या टाकीत दाबून धरायचा आणि बघत राहायचा. बुडबुडा दिसला की उजवा हात वर. सरकता पट्टा बंद, गळका नग बाद. आता तोंड पाण्यात घालून श्वास सोडला की त्याच्याच नाकासमोरून बुडबुडे निघायचे, उजवा हात आपोआप वर जायचा, पाय तळाला टेकायचे आणि काम जागच्या जागी थांबायचं. पहिले दोन आठवडे मॅडमला वाटलं, काकांना काहीतरी शंका विचारायची आहे.

बुडबुडे बघायला कारखान्याने आता यंत्र आणलं होतं. आणि चेकरला पत्र दिलं होतं, की आपलं वय पाहता आपल्याला नवीन काही शिकवणं व्यवहार्य वाटत नाही. पत्राची भाषा फार सभ्य होती. चेकरने ते दोनदा वाचलं, घडी घालून पाकिटात ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी तलावावर जाऊन नाव घातलं. न तपासता शेरा मारलेला त्याला चालत नसे.

बायको रोज टॉवेल घेऊन याच काठाच्या बाकावर बसायची, कारण तो इथूनच बाहेर यायचा. आज ती टॉवेल खांद्यावर टाकून उठली आणि चालू लागली.

"अगं, कुठे निघालीस?"

"पलीकडच्या टोकाला. टॉवेल हवा असेल तर या."

"आणि नाही जमलं तर?"

"तर निथळत घरी चला. रस्त्यात मी ओळख दाखवणार नाही."

मॅडमने भिंतीवर टांगलेली एक रिंग काढली. "ही घ्या, काका. रेघेपुढे पाय टेकणार नाहीत."

चेकरने रिंगेकडे जुन्या ओळखीने पाहिलं. "ती पास झालेली आहे," तो म्हणाला. "माझं अजून व्हायचंय."

"मग निदान डोळे मिटून पोहा. बुडबुडे दिसायलाच नकोत."

"मॅडम, डोळे मिटून मी आयुष्यात एक नग पुढे सोडलेला नाही."

मॅडमने शिट्टी ओठांत धरली. तिने वाजवली. चेकरने भिंतीला लाथ मारली.

आठ मीटर तो कसाबसा गेला. दहा. लाल रेघ पोटाखालून सरकली आणि फरशा खाली खाली जायला लागल्या. त्याने श्वास सोडला. नाकासमोरून बुडबुड्यांची माळ निघाली, आणि एकतीस वर्षांच्या इमानाने उजवा हात वर गेला.

पाय तळ शोधायला लागले. तळ नव्हता. मॅडम लांब दांडा घेऊन काठाने धावली. पलीकडे बायकोने टॉवेल मुठीत पिळून धरला. तो कोरडा आहे हे तिच्या लक्षात नव्हतं.

वर गेलेला हात क्षणभर हवेत तसाच थांबला. बंद करायला इथे पट्टाच नव्हता. मग हात वर गेलाच आहे तर टाकू पुढे, असं म्हणून चेकरने तो पुढे टाकला. डाव्या हाताने सवयीने पाणी दाबून धरलं. शरीर पुढे सरकलं. पुन्हा बुडबुडे, पुन्हा हात वर, पुन्हा पुढे. डावा दाबतोय, उजवा बाद करतोय. एक नग, दोन नग, तीन नग. मॅडमने दांडा उभा धरला आणि ती नुसतीच बरोबर चालू लागली.

एकविसाव्या नगाला पाच बोटं भिंतीवर आपटली.

मॅडमने शिट्टी वाजवली, मग काही कारण नसताना आणखी एकदा वाजवली. बायको काठावर गुडघे टेकून बसली. तिने टॉवेल पुढे केला.

"पास?" तिने विचारलं.

चेकरने काठाच्या दांडीला धरून श्वास घेतला. मग मान वळवून त्याने आलेली सगळी वाट नीट पाहिली. पंचवीस मीटर पाणी अजून हलत होतं, आणि त्याच्या पार पलीकडे, काठावर, दोन चपला शेजारी शेजारी त्याची वाट बघत होत्या.

"माझ्या चपला तिकडेच राहिल्या गं," तो म्हणाला. "तेवढ्या घेऊन येतेस?"